घर तुमच्याच माणसांना दिलं

२०२०च्या जूनमध्ये आमच्या घरमालकीणबाईंच्या खिडकीत एक पुठ्ठा लागला. या घरात वंशभेदाला जागा नाही, असं त्यावर जाड काळ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या आमच्या समोरच्याच रांगेत राहायच्या, त्यामुळे मी सकाळी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसले की नजर वर करताच तो पुठ्ठा दिसायचा. आधी तो पाहून बरं वाटायचं. वर्षभराने मी तिकडचा पडदा ओढून घ्यायला लागले.

आमचं गाव नास. डब्लिनला नोकरी करणाऱ्यांनी झोपायला यायचं गाव. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नाव तरी बरं बघायचं होतं. घर मात्र छान होतं, आणि ते आम्हाला आपल्या नेहमीच्या पद्धतीने मिळालं होतं. आमच्याआधी तिथे हॉस्पिटलमधलं एक मराठी डॉक्टर जोडपं राहत होतं, त्यांच्याआधी नागपूरचं एक कुटुंब. घर सोडायची वेळ आली की मराठी ग्रुपवर टाकायचं, आपल्यातलंच कुणी मालकीणबाईंना भेटायचं, की झालं. आयर्लंडमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे लग्नाला स्थळ मिळण्यापेक्षा अवघड, त्यामुळे घर आपल्यातच ठेवायचं हा नियम कुणी लिहिलेला नसला तरी सगळे पाळतात.

आणि आम्ही भाडेकरूही कसे? नमुनेदार. नळ गळला तर नवरा स्वतः वॉशर बदलणार. भिंतीला खिळा मारायचा तर आधी विचारणार. दिवाळीला फराळाचं ताट झाकून त्यांच्या दारी. त्यांना चकली फार आवडायची. मालकाच्या डोळ्यात भरेल असं राहावं, ही मला घरातूनच मिळालेली शिकवण. त्यात काही चूक असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली एक काळा माणूस गुदमरून मेला. आमच्या गावातही लोक अंतर राखून चौकात जमले आणि गुडघे टेकून बसले. मालकीणबाई तिथून परतल्या त्या थेट आमच्या फाटकाशी. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या. डोळे भरून आलेले. माझ्या हाताला कणीक लागलेली. त्या म्हणाल्या की त्यांना माझी माफी मागायची आहे. कशाबद्दल ते मला कळेना. गोरेपणामुळे आयुष्यभर किती गोष्टी आपोआप मिळत गेल्या याचा आपण कधी विचारच केला नाही, आता करायचा आहे, असं त्या म्हणाल्या. मी इथल्या पद्धतीने 'इट्स ग्रँड', ठीक आहे हो, म्हणून विषय संपवला. कणीक वाळत होती.

पण त्या थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पुस्तकं मागवली, पेन्सिलीने खुणा करत वाचली. गावातल्या सात-आठ बायकांचा व्हिडिओ कॉलवर वाचनगट होता, त्यात मला बोलावलं. तुझे अनुभव सांग, आम्ही फक्त ऐकू. मी सांगितले. बसथांब्यावर पोरांनी अंडं फेकून मारलं होतं ते सांगितलं. मीटिंगमध्ये माझंच म्हणणं दुसऱ्याने पुन्हा मांडल्यावर सगळ्यांना कसं पटतं तेही सांगितलं. बायकांनी छातीवर हात ठेवले. एकीने चष्मा काढून डोळे पुसले. कॉल संपला आणि मी रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. फराळाच्या ताटासारखंच आणखी एक ताट मी देऊन आले आहे असं वाटलं, आणि माझीच मला चीड आली.

आता मैत्रिणीबद्दल सांगते. ती झिम्बाब्वेची, वृद्धाश्रमात नर्स. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, एकाच बाकावर. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. २०२०च्या वसंतात वृद्धाश्रमांत माणसं जात होती तेव्हा ती ड्यूटीवरून यायची, मास्कचे वळ गालावर घेऊन, आणि गाडीतच पाच मिनिटं बसून राहायची. मी तिच्या पायरीवर डबा ठेवायचे. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दारात उभं राहून टाळ्या वाजवायची टूम निघाली होती, त्यात मालकीणबाईंच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या असायच्या. मैत्रीण त्या वेळी बहुतेक झोपलेली असायची.

२०२१च्या वसंतात दोन गोष्टी एकदमच घडल्या. आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर घेतलं, आणि मैत्रिणीच्या मालकाने तिचं घर विकायला काढलं. मुलांची शाळा सुटू नये, एवढीच तिची इच्छा. शेजारच्या न्यूब्रिजमध्ये तिला एक घर मिळत होतं, पण तिथून शाळा लांब पडत होती आणि तिच्या ड्यूटीच्या वेळा विचित्र. शाळेच्या फाटकाशी तिने मला हे सांगितलं, आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, आमचं घर घे. मालकीणबाईंना मी सांगते. आमचे संबंध घरच्यासारखे आहेत, माझ्या शब्दाला वजन आहे. तू ते घर तुझंच समज.

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण मला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांचा फराळ, तो पुठ्ठा, ती पुस्तकं, ते भरलेले डोळे. अशा बाईकडे नुसतं नाव सुचवायचाच अवकाश, असं मी धरून चालले. मैत्रिणीने मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा नक्की म्हणाले. तिने न्यूब्रिजच्या माणसाला नकार कळवला.

मालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वा, छान, अवश्य घेऊन ये. शनिवारी मैत्रीण, तिचा नवरा आणि दोन्ही मुलं आली. चर्चला जावं तसे कपडे घालून. आमच्या घरात ती शंभरदा येऊन गेली होती, पण त्या दिवशी उंबऱ्यावर पाय पुसत राहिली. मालकीणबाई अतिशय गोड बोलल्या. झिम्बाब्वेच्या हवामानाची चौकशी केली, तिच्या केसांच्या वेण्यांचं कौतुक केलं. मग हळूच एकेक प्रश्न. पाहुणे फार येतात का? संगीत मोठ्याने लावायची सवय आहे का? स्वयंपाकाचा वास तसा खूप राहतो, नाही का, पडद्यांना?

मी ओट्याला टेकून ऐकत होते. यातला एकही प्रश्न त्यांनी आम्हाला कधी विचारला नव्हता. आमच्याकडे गणपतीत झांजा वाजायच्या, आणि चकलीच्या तळणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मी तसं म्हणालेही, हसत हसत. मालकीणबाईही हसल्या. मैत्रीण हसली नाही. तिने प्रत्येक प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं, जणू वॉर्डमध्ये पेशंटची माहिती देते आहे. निघताना मालकीणबाई म्हणाल्या, ग्रँड, मी कळवते.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. मैत्रीण शाळेच्या फाटकाशी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली. मला वाटलं ड्यूटीचा ताण असेल. मग एका संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. डब्लिनचं एक तरुण मराठी जोडपं. त्यातली मुलगी आनंदाने बोलत सुटली, ताई, तुमच्यामुळे घर मिळालं, आम्ही पेढे घेऊन येतोय. मी कोणतं घर म्हणून विचारलं, आणि तिने माझाच पत्ता सांगितला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा बाहेर गवत कापत होता. मी मशीन बंद करायला लावलं.

"अगं, मी नुसता ग्रुपवर मेसेज टाकला," तो म्हणाला. "घर सोडताना सगळेच टाकतात. आपल्यालाही असंच मिळालं होतं ना?"

"मी तिला शब्द दिला होता. तुला माहीत होतं."

"माहीत होतं. पण मालकीण तिला देणार नाही हेही मला माहीत होतं."

मग मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. सांगून तू ऐकलं असतंस का, म्हणाला. मी ऐकलं नसतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला ठाऊक, ग्रुपला ठाऊक, बहुधा मैत्रिणीलाही ठाऊक. पुठ्ठ्यावर विश्वास ठेवणारी मी एकटी. आमच्या ग्रुपवर आफ्रिकन माणसांसाठी जो शब्द सहज वापरतात तो मी इथे लिहिणार नाही, पण तो वापरणाऱ्यांना मालकीणबाईंचं मन माझ्यापेक्षा बरोबर वाचता आलं होतं.

मी त्या जोडप्याला उलटा फोन केला. सगळं सांगितलं, आणि माघार घ्याल का म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, "ताई, आम्ही हिवाळ्यापासून एका खोलीत राहतोय. तुम्ही आमच्या जागी असतात तर सोडलं असतंत का?" पेढे आणू नका, एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून पुठ्ठ्याच्या घरात गेले. मालकीणबाईंनी केटल लावली. मी उभ्यानेच विचारलं की माझ्या मैत्रिणीला घर का दिलं नाही. त्यांनी सुरुवातीला मुलं, भिंती, नवऱ्याची शिफ्टची नोकरी असं काही काही सांगितलं. शिफ्टची नोकरी आणि मुलं त्या डॉक्टर जोडप्याचीही होती, म्हटलं. मग त्या म्हणाल्या, त्यांचं स्वतःचं काहीच नाही, पण शेजारी. शेजाऱ्यांना काय वाटेल याचाही विचार करावा लागतो. हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा ऐकलं आहे की क्षणभर आपण नेमक्या कुठे आहोत तेच कळेना.

"आणि मी काही कुणा गोऱ्याला दिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याच माणसांना दिलं. मला वाटलं तुला आनंद होईल. तुम्ही लोक इतके स्वच्छ, इतके शांत. तुम्ही मला चांगल्या सवयी लावून ठेवल्या आहेत."

म्हणजे आम्ही बदललेले वॉशर, विचारून मारलेले खिळे आणि झाकून नेलेली ताटं यांची एक मोजपट्टी तयार झाली होती, आणि ती माझ्या मैत्रिणीला लावली गेली होती. शिवाय आम्ही पुरावाही होतो. तपकिरी माणसांना घर देणारी बाई वंशभेदी कशी असेल? मी हे सगळं त्यांना सांगितलं, नीट सांगता आलं नाही, आवाज चढला. त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. आपण किती वाईट आहोत, इतकं वाचून काय उपयोग झाला, असं म्हणत हुंदके द्यायला लागल्या. केटल वाजली. शेवटी चहा मीच केला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तुम्ही वाईट नाही हो, असं माझ्याच तोंडून निघालं. घर मिळालं नव्हतं तिला, आणि समजूत मी हिची घालत होते. अजूनही आठवलं की डोकं सणकतं.

तिथून मी मैत्रिणीकडे गेले. ती खोक्यांमध्ये भांडी भरत होती. मला बस म्हणाली नाही. मी म्हटलं, मला कालच कळलं. ती म्हणाली, काय कळलं?

"तिने मला शाळेच्या रस्त्यावर गाठून सांगितलं," ती म्हणाली, "की तू ते घर आधीच तुमच्यातल्या कुणाला तरी कबूल केलं होतंस. भारतीय लोक आपापसातच घर देतात, त्यात ती तरी काय करणार."

मी तिथेच खोक्यांमध्ये जमिनीवर बसले. पंधरा दिवस ही बाई मला खोटी समजत होती, आणि तरी माझ्या मुलीला शाळेतून आणताना खाऊ देत होती. आणि मालकीणबाई खोटं बोलल्या असंही सरळ म्हणता येईना, कारण आपापसात देतो हे तर खरंच. आमची रीत त्यांना आयतीच सापडली होती. मी झाला तो प्रकार सगळा सांगितला, नवऱ्याच्या मेसेजसकट. तिने ऐकून घेतलं. तक्रार कर, कायदा आहे, मी साक्ष देईन, असं मी म्हणाले. तिने एक कढई वर्तमानपत्रात गुंडाळली.

"मला घर हवं होतं," ती म्हणाली. "केस नको होती."

न्यूब्रिजचं घर तोवर गेलं होतं. नर्सला नोकरी कुठेही मिळते, घर मिळत नाही. तिला दोन्ही मिळालं ते लेटरकेनीला, पार उत्तरेला डोनेगलमध्ये. माझ्या मुलीने नकाशा बघून सांगितलं, "दॅट्स लाइक, द एंड ऑफ आयर्लंड, आई." मी मराठीत समजूत घालत होते आणि ती इंग्रजीत रडत होती. जायच्या दिवशी दोघी मुली आमच्या कपाटात लपून बसल्या, ज्याला त्या दोघीही इथल्या मुलांसारखं प्रेस म्हणतात. बाहेर काढताना आम्हा दोघी आयांची नजरानजर झाली.

त्या वर्षीच्या दिवाळीला मी फराळाचं ताट पाठवलं नाही. नोव्हेंबरात मालकीणबाईंचा मेसेज आला. वाचनगटात पुन्हा येशील का? या वेळचा विषय होता, गोऱ्या माणसाने खरी साथ कशी द्यावी. मी कळवलं, येईन, पण या वेळी घराची गोष्ट सांगेन. तुमचं नाव घेणार नाही. रात्री एकच शब्द आला. सांग.

मी सांगितली. चौकटीचौकटीतून त्याच बायका ऐकत होत्या. चर्चचे कपडे, वेण्यांचं कौतुक, पडद्यांचा वास, शाळेच्या रस्त्यावर दिलेलं कारण. या खेपेला मी अनुभव सजवून ठेवले नाहीत, जसं झालं तसं टाकलं. एकजण म्हणाली, भयंकर आहे. दुसरी म्हणाली, कोण अशी असेल हो आपल्या गावात?

मालकीणबाईंनी माइक चालू केला. "मी," त्या म्हणाल्या. "ते घर माझं आहे."

खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. अख्ख्या गावासमोर बोलण्यासारखंच होतं ते, आणि त्या रडल्याही नाहीत. मान सरळ ठेवून बसल्या होत्या. पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. आता काहीतरी होईल असंही वाटलं.

झालं ते असं. एक बाई म्हणाली, स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस गं. दुसरी म्हणाली, हे कबूल करायला किती धैर्य लागतं. मग सगळ्याच बोलायला लागल्या. आपण सगळ्याच शिकत आहोत. तू फार प्रामाणिक आहेस. कुणी हाताने हृदयाची खूण केली. मालकीणबाई म्हणत होत्या, नको, असं म्हणू नका, पण त्यांना कुणी बोलू देईना. मी माझ्या चौकटीत वाट बघत बसले. ती नर्स कोण, तिची मुलं आता कोणत्या शाळेत आहेत, ती राहते कुठे, यातलं काहीतरी कुणीतरी विचारेल म्हणून. लेटरकेनी हे नाव माझ्या जिभेवर तयार होतं. वेळ संपली, सगळ्यांनी माझे मनापासून आभार मानले, आणि एकेक चौकट विझली.

रविवारी मुलींच्या ठरलेल्या व्हिडिओ कॉलआधी मी मैत्रिणीला हे सांगितलं. ती इस्त्री करत होती. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं, स्वतःहून, असं मी सांगितलं, आणि माझ्या आवाजात थोडा उत्साह होता हे मला नाकारता येत नाही. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"आणि घर?" तिने विचारलं.

घरात ते मराठी जोडपं राहत होतं, सुखाने. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि मुलीला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.